तू न प्यायलेलं पाणी

कौसल्या,

तुला पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर गेले. शेजारणींनी नावं ठेवली. नणंदेची राख अजून गरम आहे आणि ही कडक इस्त्रीची साडी नेसून दवाखान्यात निघाली, असं त्यांचं म्हणणं. पण वॉर्डात एक बाई अडलेली होती, आणि तुझे दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते ते बसूनच राहिले होते. घरातलं कुणीतरी उभं असायला हवं म्हणून मी उभी राहिले. तुला यात वावगं वाटलं नसतं. 'माही वयनी घड्याळ पाहून रडते,' असं तूच सगळ्यांना हसत सांगायचीस.

रडून झालं आहे, भांडण राहिलं आहे. भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय जुनीच. पटलं नाही की तू उठून चुलीपाशी जायचीस आणि भाकरी अशा जोरात थापायला लागायचीस की माझं बोलणं त्यात बुडून जावं. या वेळी फार दूर उठून गेलीस. म्हणून लिहायला बसले आहे. तू हे वाचणार नाहीस, ते मला कळतं. मेलेल्या माणसाला काय करता येतं आणि काय नाही, हे नर्सइतकं कुणाला ठाऊक असणार.

भांडण पाण्याचं होतं.

बाळापूरजवळच्या त्या खेड्यात तू मास्तरीण झालीस तेव्हा आपल्या घरात कोण आनंद झाला होता. शाळेत तू एकटी बाई, आणि आपल्या जातीचीही एकटीच. खुर्चीवर बसायचीस. पाटलाच्या पोरालाही तू वर्गात आलीस की उभं राहावं लागे. फक्त पाणी पिताना तू खुर्चीवरून खाली यायचीस. व्हरांड्यात रांजण होता. पाणी भरणारी म्हातारी ओगराळ्याने वरून धार सोडायची आणि तू पायरीवर उकिडवी बसून ओंजळीनं प्यायचीस. आईबाप तसंच पीत आले, आपणही तसंच पीत होतो. कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मग छप्पन साल आलं. नागपूरहून आपण सगळे दीक्षा घेऊन परतलो. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी तू पायरीवर बसली नाहीस. सरळ रांजणापाशी गेलीस, ओगराळं आपल्या हातानं बुडवलंस, पेल्यात पाणी घेतलंस आणि उभ्यानं प्यायलीस. संध्याकाळच्या एस.टी.नं रोजच्यासारखी अकोल्याला घरी आलीस ती चपला न काढताच मला सांगत सुटलीस, 'वयनी, कोनी काहीच बोललं नाही.' तुझा तो चेहरा मी विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे.

खरंच कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस तर रांजण फुटलेला होता. कुत्र्यानं पाडला म्हणाले. नवा आला तो हेडमास्तरांच्या खोलीत, दाराआड, आणि शेजारी म्हातारीला बसायला पाट. हेडमास्तर तसे सभ्य गृहस्थ. तुला कधी अरेतुरे केलं नाही. 'बाई, तुम्ही कशाला उठता? बसा तुम्ही, ती देईल पाणी,' असं म्हणायचे. बसा म्हणजे कुठे, ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. कुणी शिवी दिली असती, हात धरला असता, तर तू केस केली असतीस. कायदा झालेला होता आणि तो तू वाचलेला होतास. पण फुटलेल्या रांजणावर आणि गोड बोलण्यावर केस कशी करायची? ओंजळ धरायची नाही, असं तू ठरवलंस. रांजणापर्यंत हात पोचत नव्हता. तेव्हा तू पाणीच सोडलंस.

वऱ्हाडातल्या एप्रिलमध्ये माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून राहतं, हे मी कुणाकडून ऐकलं असतं तर खरं मानलं नसतं. तू राहिलीस, एक उन्हाळा नाही, वर्षानुवर्षं. घरी आल्या आल्या माठापाशी जाऊन उभ्यानं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचीस, आणि मग जमिनीवर बसून डोकं गुडघ्यांत घालायचीस. आमची विमल तेव्हा लहान होती. ती आत्याची वेणी ओढायची आणि तू हात वर करून तिला थांब म्हणायचीस, तोंडातून शब्द निघायचा नाही.

त्यात दुसरी एक सोय होती, ती तू बोलून दाखवायची नाहीस. शाळेत बाईमाणसाला जायला जागा नव्हती. पुरुष भिंतीआड जायचे. आपली वस्ती नाल्याच्या पलीकडे. मधल्या सुटीत आपली पोरं पळत जाऊन घरचं पाणी पिऊन पळत यायची, पण मास्तरणीला पळता येत नव्हतं. 'पानी पेलं नाही तं जाचंही काम नाही,' असं एकदाच म्हणालीस, घरखर्चात काटकसर साधावी तशी. मी नर्स होते. लघवी रोखून धरली की काय होतं ते मी तुला जेवताना, झोपताना, केस विंचरताना सांगितलं. तू म्हणायचीस, 'वयनी, तू सुई टोचल्यासारखी बोलते.'

शेवटी मी बाजारातून फिरकीचा तांब्या आणला. झाकण घट्ट बसणारा, पिशवीत सांडणार नाही असा. पाणी आपलं, पेला आपला, कुणाची ओगराळ्याची धार नको. मला वाटलं, सुटला प्रश्न. तू काही दिवस नेलासही. मग एक दिवस तो फडताळात उलटा घालून ठेवलेला दिसला. फार खणल्यावर सांगितलंस की हेडमास्तरांनी तांब्या पाहिला आणि म्हणाले, 'हे बरं केलंत बाई. सगळ्यांचीच सोय झाली.'

मी म्हटलं, झाली असेल त्यांची सोय, तुझ्या घशाची झाली ना? तेवढं बघ.

'थ्याईची सोय करासाठी मी दीक्षा घेतली काय?' तू विचारलंस, आणि परातीत पीठ घेतलंस.

त्या भाकरी जाड झाल्या होत्या. तुझ्या दादांनी तशाच खाल्ल्या.

मी तुला हट्टी म्हटलं, मूर्खही म्हटलं. माझी रीत वेगळी होती आणि ती तुला कधी आवडली नाही. दवाखान्यात एखादी म्हणायची, ह्या सिस्टरच्या हातचं औषध नको, दुसरीला पाठवा. मी म्हणायची, पाठवते, आणि पुढच्या खाटेकडे वळायची. कळा येत असताना कुणी जात विचारत नाही, पोर रडलं की विचारतात. माझ्या हातानं जन्मलेल्या पोराला आंघोळ घालून घेतात आणि मग माझ्या हाताचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. मी हसायची आणि हात धुवायला जायची. पाणी वरून दिलं तर वरून प्यायची. पोटात गेल्यावर ते कुठून आलं हे कोण पाहतं, असं माझं म्हणणं. तू म्हणायचीस, वयनी गिळते. हो, गिळत होते. दिवसभर बारा जणींची बाळंतपणं उरकायची असतील तर बाई गिळते.

नोकरीपायी तू आमच्याकडे राहायचीस, सासरी वलगावला सुटीतच जायचीस. तुझी दोन्ही बाळंतपणं माझ्या डोळ्यांपुढे झाली. पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा आपण म्हटलं, होतं असं. दुसऱ्या वेळी तुझ्या चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उठलेला दिसला. मी अंगठा दाबला तर खळगा पडला आणि भरेना. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढत गेला आणि खाली यायलाच तयार नाही. ते पोर आठव्या महिन्यात गेलं. मुलगी होती, तुला माहीत आहे, तिचं नाक तुझ्यासारखं होतं. वलगावहून तुझी सासू आली ती पदर तोंडाला लावून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली की सून एस.टी.त हिंडते, खुर्चीवर बसते, तिच्या पोटात टिकेल कसं. नवऱ्यानं त्याच वर्षी दुसरी केली. तू भांडली नाहीस. तुझे कपडे आणायला मी वलगावला गेले होते. त्यानं मला चहा दिला आणि तुझी ट्रंक बैलगाडीत स्वतः चढवून दिली. माणूस वाईट नव्हता. तुझ्या आयुष्यातली बहुतेक माणसं वाईट नव्हती, कौसल्या. त्यानंच मला वेड लागायची पाळी येते.

पुढे डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात चढलेलं ब्लडप्रेशर काहींचं उतरत नाही. हुशार माणूस, पुण्याकडचे, मन लावून तपासायचे. मीठ किती खाता, झोप लागते का, घरात कुणी त्रास देतं का, सगळं विचारलं. शाळेचं विचारलं नाही. तूही शाळेचं नाव काढलं नाहीस. मग मीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पाण्याचं, रांजणाचं, दिवसभर ओठ मिटून उभं राहण्याचं. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'एवढ्यानं प्रेशर वाढतं का, सिस्टर?' त्यांना खरंच माहीत नव्हतं. मलाही कुठल्या पुस्तकातलं पान काढून दाखवता येत नव्हतं. त्यांनी मीठ बंद करायला सांगितलं. तू अळणी खायला लागलीस आणि शाळेत जात राहिलीस.

तुझ्या शाळेत मी एकदाच आले. तुला बरं नव्हतं आणि मला वाटलं, हेडमास्तरांशी दोन शब्द बोलावेत, बदलीसाठी शिफारस मागावी. ऊन असं होतं की काळ्या रानाच्या भेगांत हात जावा. हेडमास्तर उठून उभे राहिले. उन्हातून आलात, पाणी घ्या म्हणाले. म्हातारी बाहेर आली. मी पायरीवर बसले, ओंजळ केली आणि पोटभर प्यायले. तहान लागली होती. तोंड पुसून वर पाहिलं तर तू वर्गाच्या दारात उभी होतीस. तुझ्या मागे पोरं होती. आपल्या वस्तीतल्या मुली पुढे, एकीच्या खांद्यावर तुझा हात.

फाट्यावर गाडीची वाट पाहत आपण लिंबाखाली उभ्या होतो. मग म्हणालीस, 'वयनी, तू माह्या पोट्ट्याईसमोर पेली.'

मी म्हटलं, मग काय मरू?

तू म्हणालीस, 'त्या पोरी आता ओंजय धरत नाहीत. घरी जाऊन पेतात. कोनं शिकवलं थ्याईले?'

मी तेव्हाही म्हटलं की पोरींना घरी पळता येतं, तुला येत नाही. गाडी आली आणि ते तिथंच राहिलं. आज विचार करते तेव्हा वाटतं की तू मला रागावली नव्हतीस. तू मला काहीतरी दाखवत होतीस, आणि मी तुझ्या पायांवरची सूज बघत होते. दोन्ही एकदम बघायला हवं होतं, ते आपल्या दोघींपैकी कुणालाच जमलं नाही.

मी फक्त भांडलेच असं नाही. तूही जाणतेस. माझी रात्रपाळी असली की विमलला तूच झोपवायचीस, तूच उठवायचीस. तिची अक्षरं तुझ्यासारखी आहेत, उजवीकडे कललेली. तिनं मॅट्रिकचा फॉर्म भरला तेव्हा तुझे दादा म्हणाले होते, पोरीचं लग्न पाहू. तू एवढंच म्हणालीस की पाहा, पण नवरा तिच्याहून शिकलेला पाहा, आणि तसा सापडेस्तोवर तिला शिकू द्या. दादा हसले आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगची फी भरली. हे तुझं ऋण आहे. मी ते तोंडानं कधी म्हटलं नाही. नणंदेला असलं कोण म्हणतं.

आता शेवटचं लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू माझ्याच वॉर्डात होतीस. किडन्या थांबल्या होत्या. तोंड इतकं सुजलं होतं की शाळेतल्या पोरी भेटायला आल्या तेव्हा आधी दुसऱ्याच खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आता पाणी तोडायचं. दिवसाला वाटीभर, जास्त नाही, अंगात साचतं, फुप्फुसात जाईल. मी मान डोलावली. मग तुझ्यापाशी आले आणि तू पाणी मागितलंस.

इतक्या वर्षांत तू कुणाकडे पाणी मागितलं नव्हतंस. मी चमच्यानं दिलं. तू आणखी मागितलंस. मी ओलं फडकं ओठांवर फिरवलं. तू फडक्याला दात लावलेस. आणि मग, आवाज फुटत नव्हता तरी, थट्टा करावी तशी म्हणालीस, 'पी पी म्हनून जलमभर मांगं लागली. आता मांगून राहिली तं देत नाही.'

मी दिलं नाही. दिलं असतं तरी तू जाणारच होतीस, आणि दिलं असतं तर लवकर गेली असतीस. नर्स म्हणून मी बरोबर वागले. पण रोज जेवायला बसते तेव्हा तांब्या समोर असतो आणि मला तो उचलवत नाही. असं होणारी मी बाई नव्हे. माझं मलाच कळत नाही, काय करू.

तुला एक बातमी द्यायची आहे. तू गेल्यावर काही दिवसांनी वॉर्डात मला भोवळ आली. त्याच डॉक्टरांनी खुर्चीवर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. मी पाऱ्याकडे पाहत होते. तुझा जिथं अडायचा त्याच्या जवळपास जाऊन तो अडला. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. मग त्यांनी मला विचारलं, मीठ जास्त खाता का, सिस्टर?

म्हणजे बघ. तू वरून दिलेलं पाणी प्यायली नाहीस, तुझा पारा चढला. मी जे दिलं ते प्यायले, हसले, गिळलं, पुढच्या खाटेकडे वळले, माझाही चढला. इतकी वर्षं आपण भांडलो की तुझी रीत बरी की माझी. कुणाचीच बरी नव्हती. तू असतीस तर ऐकून टाळ्या पिटल्या असत्यास. मी त्या ऐकायला काहीही दिलं असतं.

आणि आता विमल. तिची ऑर्डर आली आहे. शेंदूरजनाघाटच्या बाजूला, संत्र्याच्या बागांतलं एक खेडं. शाळेत ती एकटी बाई, आणि मी चौकशी केली, आपलीही तीच एकटी. पेटी भरताना तिनं तुझी निळी किनार असलेली साडी घडी करून तळाशी घातली. मी दारात उभी राहून सांगून टाकलं, जसं तुला सांगायची तसं. पाणी पी. कसं का देईनात, वरून, खालून, बाहेर, पी. शरीर आहे तर बाकी सगळं आहे.

तिनं पेटीचं झाकण लावलं. मान वर केली नाही. म्हणाली, 'आत्या नसती पेली.'

मला ओरडायचं होतं की आत्यानं शेवटी मागितलं होतं, फडकं चावलं होतं. ते सांगितलं तर तिला वाटेल तू हरलीस, आणि तू हरली नव्हतीस, तुला तहान लागली होती. नाही सांगितलं तर ती तुझ्यासारखी ओठ मिटून दिवसभर उभी राहील. तिला माझ्यासारखं गिळ म्हणावं तर आता तेही तोंडानं म्हणवत नाही, पट्टा बांधून पाहिल्यानंतर. तिसरी रीत मला माहीत नाही. तुला माहीत होती का? असेल तर तू ती मला सांगितली नाहीस. तू भाकरी थापत राहिलीस.

तुझे दादा तिला सोडायला जातो म्हणतात. मी म्हटलं, मी जाते, मला सुटी आहे. सुटी नाही, पण काढीन. मी अमरावतीपर्यंत, तिथून पुढच्या गाडीनं ती एकटी. तिथल्या स्टँडवर ती खिडकीशी बसेल आणि मी खाली उभी राहीन, आणि गाडी सुटायच्या आत मला तिला काहीतरी एक सांगायला लागेल, एका वाक्यात, लोकांच्या गर्दीत. तू असतीस तर तू सांगितलं असतंस, मी तुझ्याशी भांडले असते, आणि आपल्या दोघींच्या भांडणातून तिनं आपलं आपण काहीतरी उचललं असतं. आता मी एकटीच आहे, कौसल्या, आणि मला काही सुचत नाही, आणि पोरगी जाऊन राहिली.